बेचाळिसावा धडा

सरांनी खिशातून चौघडी रुमाल काढायचा, कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड एकदाच पुसायचं, रुमाल पुन्हा त्याच घडीवर दुमडून मांडीवर ठेवायचा आणि एक बोट वर करून म्हणायचं, "ए.सी. बंद."

मग मी गाडी बंद करायचो. कुवेतमध्ये जून महिन्यात, काचा वर करून, उभ्या गाडीत ए.सी. बंद करणं म्हणजे काय, हे इथं राहिलेल्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी इडलीपात्रात इडल्यांच्या शेजारी बसून बघावं. पण सरांचा हट्ट असायचा. ए.सी.ची घरघर चालू असली की इतिहास ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मायक्रोफोनचंही तेच म्हणणं असल्यामुळे मला वाद घालता यायचा नाही.

सर सलवातल्या एका खाजगी शाळेत अमेरिकेचा इतिहास आणि अमेरिकेचं सरकार शिकवायचे. शाळा अमेरिकी अभ्यासक्रमाची, मुलं कुवेती, इजिप्शियन, लेबनीज, आपली, अशी सगळीकडची, आणि शिकवणारे सर मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका मुसलमान कुटुंबातले. सत्तावीस वर्षं त्यांनी हा विषय शिकवला, पण अमेरिकेत पाऊल ठेवलं नाही. नव्या शिक्षकांपैकी कुणीतरी दर वर्षी त्यांना हे विचारायचंच. सर शांतपणे सांगायचे, "इतिहासाला व्हिसा लागत नाय."

मी त्याच शाळेत कॉम्प्युटर लॅबमध्ये. गाव सांगली. माझं नाव सरांनी कधी घेतलं नाही. पहिल्या दिवशी गाव विचारलं आणि तेव्हापासून मी त्यांच्यासाठी सांगलीच राहिलो. "सांगली, मना जरा हे प्रिंट काढून दे." 'मला'च्या जागी 'मना' हे त्यांच्या आईकडून आलेलं. त्यांचं सगळं मराठीच आईच्या स्वयंपाकघरातून आलं होतं, कारण इथं घराबाहेर त्यांना ते कुठं मिळालंच नव्हतं. देवनागरी ते बोट ठेवून वाचायचे.

करोनात शाळा बंद झाली आणि शिक्षकांना घरून व्हिडिओ करायला सांगितलं, तेव्हा आमची खरी गाठ पडली. सरांच्या पहिल्या व्हिडिओत जॉर्ज वॉशिंग्टन डेलावेअर नदी ओलांडतो तेव्हा शेजारच्यांचा मिक्सर चालू होतो. दुसऱ्यात फ्रीज गुरगुरतो. शाळा उघडल्यावर आम्ही तिथं प्रयत्न केला, तर तिथला ए.सी. सगळ्या इमारतीचा मिळून एक, तो बंद करायचा म्हणजे चारशे पोरं भाजायची. शांत खोली शोधत आम्ही महिनाभर फिरलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी एकदा माझ्या गाडीत बसून सर काहीतरी सांगत होते, आणि दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की इतकं स्वच्छ तर कुठंच ऐकू येत नाही.

तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी नऊला, माझ्या इमारतीखाली खांबांच्या सावलीत लावलेल्या गाडीत, अमेरिकेचा इतिहास घडू लागला. सर पुढच्या सीटवर, फोन डॅशबोर्डवर, आवाज घुमू नये म्हणून मागच्या सीटवर चादर, मी स्टिअरिंगमागे. एका दमात संपवायचं, कारण दुसरा दम शिल्लक राहायचा नाही.

तुम्ही आमचे व्हिडिओ बघितलेत तर एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. अमेरिकेचं यादवी युद्ध आमच्याकडे नऊ मिनिटांत संपतं, आणि कायदा कसा होतो हे सांगायला एकवीस मिनिटं लागतात. इतिहासकारांना यामागे काही दृष्टिकोन दिसेल. पण युद्ध आम्ही जूनमध्ये केलं होतं आणि कायदा जानेवारीत, एवढंच त्याचं कारण.

रेकॉर्डिंगच्या आधी सर सगळा धडा मला मराठीत सांगायचे. मला अमेरिकेतलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं, आणि सरांना नेमकं तसंच माणूस हवं होतं. "तुला समजलं तर पोरांना समजंल," असं ते म्हणायचे, आणि यात आपला अपमान आहे हे माझ्या लक्षात यायला एक वर्ष गेलं. मी जिथं मान डोलवायचो तिथं ते वहीत टिंब द्यायचे. मी गप्प बसलो की तो भाग पुन्हा.

बोस्टनच्या बंदरात लोकांनी चहा समुद्रात फेकला हे ऐकून मी हळहळलो, तेव्हा त्यांनी दोन टिंबं दिली. राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार मला कळेना. सर म्हणाले की लहानपणी अब्बांनी एखाद्या गोष्टीला हो म्हटलं, भावंडांनी मिळून हो म्हटलं, तरी अब्बा शेवटी "तुमच्या आईला विचारतो" म्हणायचे, आणि आई तव्यावरून मान वर न करता नाही म्हणायची. "पण सगळ्या भावंडांनी एकत्र येऊन रडून ओरडून मागितलं तर आईचंपण चालायचं नाय. दोन तृतीयांश." इंग्रजी व्हिडिओत हेच आहे. आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलाला नकाराधिकार म्हटलं की तव्यावरची पोळी आठवते.

शुक्रवारी नऊला माझ्याकडे यायच्या आधी सर सुलैबिखातच्या कबरस्तानात जाऊन यायचे. तिथं त्यांचे वडील होते आणि सहा वर्षांपूर्वी गेलेली बायको होती. मूलबाळ नव्हतं. बुटांना तिथली पिवळी माती लागलेली असायची, आणि गाडीत बसण्याआधी ते दोन्ही बूट एकमेकांवर आपटून झाडायचे. कधीमधी सांगायचे, "दोघांना सलाम करून आलो. ती विचारत होती, सांगलीचं वजन किती वाढलं."

सर कुवेतचेच. म्हणजे जन्मच इथला. वडील तेल कंपनीच्या भांडारात कारकून होते. अहमदीत कंपनीच्या घरात ते राहायचे, तिथल्याच दवाखान्यात सर जन्मले. शाळा इथं. कॉलेजला तेवढे मुंबईला गेले आणि पदवी घेऊन परत आले. नव्वदच्या युद्धात सगळ्यांसारखे बगदाद, अम्मान करत गावी पोहोचले, आठ महिने राहिले आणि विमानं सुरू झाल्यावर परत फिरले. गावाबद्दल विचारलं तर म्हणायचे, छान आहे, लोक चांगले आहेत, पाहुण्यांची सरबराई करतात.

आता इथला कायदा तुम्हाला माहीतच आहे. नोकरी तर इकामा, आणि इकामा तर कुवेत. साठ वर्षं इथं काढा नाहीतर सहा महिने, नोकरी संपली की राहण्याचा परवाना संपला, पेटी बांधायची. यात कुणावर रागवायचं कारण नाही, आपण सगळे हे समजूनच येतो. पण सर आलेच नव्हते. ते इथं होतेच.

त्यांना आयुष्याकडून एवढंच हवं होतं, आणि ते त्यांनी मला एकदा सरळ सांगितलं होतं. "शाळेत उभ्या उभ्या जावं, सांगली. मग कुणी परत पाठवू शकत नाय. दोघांच्या जवळ जागा मिळंल."

एकूण धडे बेचाळीस. त्याची यादी मी लॅबच्या भिंतीवर चिकटवली होती, आणि झालेल्या धड्यापुढे हिरव्या पेनने खूण करायचो. तीन वर्षांत एक्केचाळीस खुणा झाल्या. राहिला होता एकच, राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती. यादवी युद्ध संपल्यावर गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांसाठी ती केली गेली, हे सरांनी मला सांगितलं होतं. अमेरिकेच्या भूमीवर जो जन्मला तो अमेरिकेचा नागरिक, असं त्यात लिहिलेलं आहे. माझ्या अज्ञानाला यात काही अवघड वाटलं नाही. मी मान डोलवली. सरांनी वहीत टिंब दिलं नाही.

हा धडा ते पुढे ढकलत राहिले. उन्हाळा जाऊ दे म्हणाले. हिवाळ्यात सर्दी झाली. मग धुळीची वादळं आली, मग रमजान आला. मी चेष्टा करायचो. "सर, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं." ते हसायचे. "शेपूट राहू दे रे. शेपूट हाय तवर हत्ती हाय."

मला वाटायचं, हा धडा बोलताना त्यांना त्रास होत असणार, म्हणून टाळतात. ते खरंच होतं. पण अर्धंच.

त्या एप्रिलच्या अखेरीस व्यवस्थापनाने मला बोलावलं. व्हिडिओंचा संच मे संपेपर्यंत पूर्ण झाला पाहिजे, नाहीतर लॅबमधली तुमची जागाच बंद करून हे काम बाहेर देऊ, असं मला गोड आवाजात सांगण्यात आलं. माझी मुलगी त्या वर्षी अकरावीला होती. जूनमध्ये इकामा गेला असता तर ऐन बारावीच्या तोंडावर तिला सांगलीला न्यावं लागलं असतं, आणि तिला मराठी वाचताही येत नाही. घरी मी काही बोललो नाही. पुढच्या शुक्रवारी गाडीत बसल्यावर मात्र सगळं सरांसमोर ओकून मोकळा झालो. ए.सी. चालूच होता.

सरांनी रुमाल काढला, तोंड पुसलं. पण बोट वर केलं नाही. मग मुलीला पुढे काय करायचंय ते विचारलं. मी म्हणालो, फार्मसी म्हणते.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "मग पुढच्या शुक्रवारी शेपूट काढू. पण इथं नको. मना अहमदीला घेऊन चल."

आता अहमदीचं असं आहे की तिथं झाडं आहेत. कुवेत शहरातून आलेल्या माणसाला तिथं शिरताच चुकून दुसऱ्या देशात आल्यासारखं वाटतं. मेंदीची कुंपणं, बसकी घरं, वळणाचे रस्ते. सरांनी मला एका गल्लीत डावीकडे, मग पुन्हा डावीकडे न्यायला लावलं आणि एका घरासमोर थांबवलं. पांढरं, बुटकं, दारं नव्याने रंगवलेली. कुणीतरी राहत होतं. दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते.

"ए.सी. बंद."

तो धडा अकरा मिनिटांचा आहे. मे महिन्यात, अंगावर ऊन घेत उभ्या असलेल्या गाडीत, अकरा मिनिटं. सरांनी आयुष्यात इतकं चांगलं शिकवलं नसेल. आवाज कुठंही चढला नाही. गुलाम म्हणून जन्मलेल्या एका बाईचं त्यांनी सांगितलं, कल्पनेतलीच बाई, जिने त्या मातीत कापूस वेचला, पोरं जन्माला घातली, माणसं पुरली, आणि तरी जिला कागदावर देश नव्हता. मग तिला एका सकाळी कुणीतरी येऊन सांगतं की तू इथली आहेस. ती काय म्हणाली असेल, असं सर कॅमेऱ्याकडे बघून विचारतात, आणि थांबतात. ती शांतता मोजून आठ सेकंदांची आहे. संकलन करताना मी ती दोनदा कापली आणि दोनदा परत जोडली.

धडा संपल्यावर त्यांनी खुणेने सांगितलं, झालं. मी किल्ली फिरवायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. फोन अजून चालू होता. त्यांनी घराकडे बोट केलं आणि मराठीत म्हणाले, "त्या डावीकडच्या खिडकीखाली माझा पाळणा होता. आई सांगायची." मग म्हणाले, "हे कापून टाक. आणि लाव आता ए.सी."

परत येताना मी सारखा बडबडत होतो. मी खूश होतो, हे मला लिहायलाच पाहिजे. शनिवारी लॅबमध्ये जाऊन मी बेचाळिसावी हिरवी खूण केली, तिचा फोटो काढला, आणि तो व्यवस्थापनाला पाठवला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सरांना पत्र मिळालं. नव्या वर्षासाठी त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवलेली नाही. संच तयार आहे, दुसऱ्या विषयाचे एक तरुण शिक्षक तो वर्गात लावतील. मला धक्का बसला. मी रागाने ऑफिसात गेलो, तिथं एक गोव्याच्या बाई वर्षानुवर्षं पत्रं टाइप करतात. त्यांनी मला शांतपणे बसवलं आणि सांगितलं की यात नवं काही नाही. सरांना हे मागच्या सप्टेंबरमध्येच लेखी कळवलेलं होतं. संच पूर्ण होईपर्यंतच नोकरी. खाली सरांची सही आहे, म्हणाल्या. बघायची आहे का?

मी नाही म्हणालो.

म्हणजे शेपूट हाय तवर हत्ती हाय हे ते खरंच बोलत होते. आणि त्या शुक्रवारी माझी मुलगी फार्मसी करणार म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने ते शेपूट काढून मला दिलं. शाळा उघडल्यावरही व्हिडिओ करत राहायचं वेड मीच त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. तुम्ही वर्गात नसलात तरी वर्गात असाल, सर, हे माझंच वाक्य.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ते पुस्तकं खोक्यात भरत होते. मी दारातच रडायला लागलो. इतका मोठा माणूस दारात रडतोय म्हटल्यावर इमारतीचा रखवालदार वर येऊन बघून गेला. मी म्हणालो, सर, तुम्ही मला सांगायचं होतं. मी थांबलो असतो.

"म्हणून नाय सांगितलं," ते म्हणाले. मग मला आत ओढून बसवलं, पाणी दिलं, आणि जरा वेळाने म्हणाले, "माझं काय रे, मी आज ना उद्या. पोरीचं बारावीचं वर्ष एकदाच येतं."

जूनच्या अखेरीस ते गेले. विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. पुढचं त्यांनीच गावी पोहोचल्यावर फोनवर सांगितलं. पासपोर्टवर शिक्का मारायला बसलेला अधिकारी त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. तो उठून उभा राहिला आणि कपाळाचं चुंबन घेतलं. टीचर, परत कधी, असं त्याने विचारलं. मग संगणकात बघितलं, इकामा रद्द झालेला दिसला, आणि मान वर न करता शिक्का मारला. "त्याला नकाराधिकार पक्का पाठ होता," सर म्हणाले आणि हसले.

गावाकडून दर शुक्रवारी नऊला फोन यायचा. कुवेतच्या नऊला. लोक चांगले आहेत, म्हणायचे. चुलतभावाने खोली दिली आहे, माशाचं कालवण रोज आहे. एकदा म्हणाले, "तिथं जन्म गेला तरी मना हिंदी, म्हंजे इंडियावाला, म्हणायचे. इथं कुवेतवाला म्हणतात. दोन्ही खोटं नाय." आणखी एकदा म्हणाले की खोलीतला पंखा आवाज करतो, म्हणून कुणाशी नीट बोलायचं असलं की ते तो बंद करतात, आणि लोकांना वाटतं म्हाताऱ्याला थंडी वाजते.

सुलैबिखातला मी जाऊन येतो का, असं त्यांनी एकदाच विचारलं. तोपर्यंत गेलो नव्हतो. त्यानंतर जातो. मला तिथली दुआ येत नाही. मी दोन्हीकडे उभा राहतो, सरांचा सलाम सांगतो, आणि बूट झाडून परत येतो.

मार्चमधल्या एका शुक्रवारी नऊला फोन आला तो चुलतभावाचा होता. काल सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच मान टाकली, म्हणाला. त्रास झाला नाही. गावच्या कबरस्तानात, समुद्राच्या बाजूला, चांगली जागा मिळाली. मी बरं म्हणालो. चांगली जागा हे शब्द नंतर कितीतरी दिवस माझ्या कानात राहिले. खरखरणाऱ्या मोबाइलवरून एक भला माणूस मला धीर देत होता, आणि मला त्याच्यावर ओरडावंसं वाटत होतं की ती जागा त्यांची नव्हती.

मुलगी बारावी झाली. फार्मसीला गेली. तिचं ते वर्ष कुणामुळे वाचलं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

कापून टाक म्हणाले होते तो तुकडा मी कापला, पण टाकला नाही. माझ्या फोनमध्ये आहे. पाळण्याचा, खिडकीचा. तो कधी लावत नाही. तो आहे एवढं पुरतं.

या वर्षी चौदाव्या दुरुस्तीच्या दिवशी तरुण शिक्षक रजेवर होते, म्हणून वर्गात व्हिडिओ लावायला मला पाठवलं. या वर्गाला नव्या बांधकामात भिंतीवरचा स्वतःचा ए.सी. आहे. माझा हात सवयीने त्याच्या बटणाकडे गेला. मुलांनी कुरकुर केली. मी म्हणालो, अकरा मिनिटं फक्त.

पडद्यावर सरांनी रुमाल मांडीवर ठेवला, बोट वर केलं. मग ते शिकवत गेले. त्या आठ सेकंदांच्या शांततेत वर्गात कुणी हललं नाही. व्हिडिओ संपला, तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिने सरांना कधी बघितलेलं नव्हतं. तिने इंग्रजीत विचारलं, हे सर अमेरिकेत कुठल्या राज्यात राहतात?

मी म्हणालो, ते अमेरिकेचे नाहीत. अहमदीला जन्मले.

तिने क्षणभर विचार केला. नुकताच धडा ऐकला होता, हुशार मुलगी होती, तिला ते सोपं वाटलं. म्हणजे ते इथलेच, ती म्हणाली.

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी हो म्हणालो. इथलेच. आणि ए.सी. लावला.